अँटिबायोटिक आणि ॲसिडिटीचे औषध: सोबत घ्यावे की अंतर ठेवून?

दोन वर्षांपूर्वी माझ्या अम्मीला लघवीचा त्रास सुरू झाला. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ. डॉक्टरांनी लघवी तपासायला पाठवली आणि सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी सुरू केली, सकाळी एक, संध्याकाळी एक. तीन दिवस झाले तरी ताप उतरेना. रिपोर्ट आला तर त्यात लिहिलेले की या जंतूवर हीच गोळी चालते. डॉक्टरांनाही नवल वाटले. मग त्यांनी अम्मीलाच विचारले, "अम्मा, गोळी कशी घेता तुम्ही?" अम्मी म्हणाली, "गोळीने पोटात आग पडते बेटा, म्हणून वरून लगेच दोन चमचे ते गुलाबी औषध पिते."

ते गुलाबी औषध म्हणजे आमच्या फ्रिजवर कायम ठेवलेली ॲसिडिटीची बाटली. आमच्या लेखी ते औषधच नव्हते, त्यामुळे डॉक्टरांना सांगायचे कुणाला सुचलेच नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली नाही, फक्त दोन्हींच्या वेळा बदलून दिल्या. पुढच्या दोन दिवसांत ताप गेला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आम्ल आणि आम्लारी हा धडा दरवर्षी फळ्यावर लिहिते, पण घरातल्या बाटलीशी त्याचा संबंध लागायला हा प्रसंग घडावा लागला. आपल्याकडे अँटिबायोटिकसोबत "गॅसची गोळी" बहुतेक वेळा येतेच. काही जोड्या बिनधोक आहेत, काहींत अंतर ठेवले तर चालते, आणि काही टाळलेल्या बऱ्या. कोणती जोडी कशात बसते, ते इथे एका ठिकाणी मांडले आहे. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेत नाही. डॉक्टरांना नेमके काय विचारायचे, ते मात्र यातून कळेल.

ॲसिडिटीची औषधे तीन प्रकारची असतात

आपण सगळ्यांनाच "ॲसिडिटीचे औषध" म्हणतो, पण त्यांचे काम वेगवेगळे आहे.

पहिला प्रकार पातळ औषधाचा आणि चघळायच्या गोळ्यांचा. डायजीन, जेलुसिल, म्युकेन ही नावे घराघरात आहेत. यांत अल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, काही कंपन्यांच्या औषधांत कॅल्शियमही असते. पोटात आधीच तयार झालेले आम्ल हे औषध तिथल्या तिथे मारते. आराम पटकन मिळतो, पण थोडाच वेळ टिकतो. ईनोसारख्या फसफसणाऱ्या पावडरीत मुख्यतः खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल असते. त्यात सोडियम भरपूर असते, म्हणून बीपीवाल्यांनी ती वारंवार घेऊ नये.

दुसरा प्रकार फॅमोटिडिन, रॅनिटिडिन यांचा. ही औषधे आम्ल तयार होण्याचे प्रमाण काही तासांसाठी कमी करतात. रॅनिटिडिन एके काळी फार चालायचे. २०२० साली अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावले आणि २०२२ साली भारताच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही ते वगळले गेले. घरात जुनी पट्टी पडलेली असेल तर ती डॉक्टरांना न विचारता वापरू नका.

तिसरा प्रकार पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल यांचा. नावाच्या शेवटी "प्राझोल" असते, ओळखायला सोपे. पोटातला आम्लाचा "पंप"च या गोळ्या बंद करतात. परिणाम दिवसभर टिकतो. या गोळ्या नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, रिकाम्या पोटी घ्यायच्या असतात. जेवल्यावर घेतल्या तर त्यांचा फायदा कमी होतो.

अडचण नेमकी कुठे येते?

अडचण दोन प्रकारे येते.

पहिली अशी की दोन औषधे पोटात एकमेकांना धरून बसतात. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे आपण रोज बघतो. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडतात, त्याचा पांढरा साका होतो आणि कपड्यावर साबण लागतच नाही. काही अँटिबायोटिक्सचे पोटात असेच होते. पातळ औषधातले अल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम त्यांना पकडते. तयार झालेला पदार्थ आतड्यातून रक्तात जात नाही, शौचावाटे निघून जातो. सिप्रोफ्लॉक्सासिन अशा औषधासोबतच घेतली तर रक्तात पोहोचणारे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत घटू शकते. म्हणजे गोळी गिळली खरी, पण जंतूपर्यंत गेली नाही. उरलेल्या थोड्याशा औषधात जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावण्याची संधी त्यांना मिळते.

दुसरी अडचण अशी की काही गोळ्यांना विरघळायला पोटातले आम्लच लागते. आम्ल कमी केले की अशी गोळी नीट शोषली जात नाही. इथे नुसते अंतर ठेवून नेहमी भागत नाही, कारण "प्राझोल"चा परिणाम दिवसभर असतो.

औषधाच्या नावानुसार काय करावे

पट्टीवर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरात असते आणि खरे औषध खाली बारीक अक्षरात. ते बारीक नाव वाचायची सवय लावा. वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याकडून वहीवर लिहून घ्या.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन: पातळ औषधासोबत कधीच नको. सिप्रो घ्यायची असेल तर ती पातळ औषधाच्या किमान २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावी. लिव्होफ्लॉक्सासिन आणि ऑफ्लॉक्सासिनसाठी दोन्ही बाजूंनी किमान २ तास ठेवावेत. अल्सरसाठी दिले जाणारे सुक्रालफेटही याच यादीत येते, कारण त्यातही अल्युमिनियम आहे. लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि झिंकच्या गोळ्यांनाही हाच नियम. जुलाब झालेल्या मुलाला ऑफ्लॉक्सासिनचे पातळ औषध आणि झिंक दोन्ही दिलेले असेल तर ते एकाच चमच्यात, एकाच वेळी देऊ नका. पँटोप्राझोलसारख्या गोळीने मात्र या गटाला सहसा अडथळा येत नाही.

डॉक्सीसायक्लिन: पातळ औषध, लोह, कॅल्शियम यांच्यापासून २ ते ३ तास दूर ठेवा. पावसाळ्यात मुंबईत साचलेल्या पाण्यातून चालावे लागले की लेप्टोपासून बचावासाठी डॉक्टर ही गोळी देतात. ती घेतल्यावर छातीत जळजळते, आणि लोक वरून ॲसिडिटीचे औषध पितात. पण ही जळजळ अनेकदा आम्लाची नसते. गोळी अन्ननलिकेत अडकून तिथली त्वचा भाजते, त्याची ती असते. म्हणून ही गोळी पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभे राहून घ्या आणि पुढचा अर्धा-पाऊण तास आडवे होऊ नका. गरोदर बाईला किंवा लहान मुलाला ही गोळी आपल्या मनाने कधीही देऊ नये.

अझिथ्रोमायसिन: तीन किंवा पाच दिवसांच्या कोर्सची ओळखीची गोळी. पातळ औषधाच्या १ तास आधी किंवा २ तास नंतर घ्यावी. "प्राझोल"सोबत चालते.

सेफपोडॉक्सिम आणि सेफ्युरॉक्सिम: या दोघांना विरघळायला आम्ल लागते. सेफपोडॉक्सिम आम्ल कमी करणाऱ्या औषधासोबत घेतली तर शोषण साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश घटते. दोन्ही गोळ्या जेवणासोबत घेतल्या तर चांगल्या शोषल्या जातात. यांच्याबरोबर पँटोप्राझोल किंवा फॅमोटिडिन लिहून दिलेले असेल, तर "याची खरंच गरज आहे का?" असे डॉक्टरांना जरूर विचारा.

सेफिक्सिम: नाव वरच्या दोघांसारखे वाटते, पण हिला आम्लाची तशी अडचण नाही.

अमॉक्सिसिलिन, आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिड घातलेली अमॉक्सिसिलिन: आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांसोबत चालते. क्लॅव्हुलॅनिक असलेली गोळी जेवणाच्या सुरुवातीला घेतली तर मळमळ कमी होते.

मेट्रोनिडाझोल: तोंडाला धातूसारखी कडवट चव येते, मळमळ होते. जेवणानंतर घ्या. "प्राझोल"ने तिचे काम अडत नाही.

नायट्रोफ्युरँटॉइन: लघवीच्या संसर्गाची गोळी. जेवणासोबत घ्यावी. मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेल्या औषधाने तिचे शोषण कमी होते, म्हणून तसले पातळ औषध टाळा.

टीबीच्या गोळ्या: यात निष्काळजीपणा अजिबात परवडत नाही. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन घेतल्यावर कमीत कमी १ तास, शक्यतो २ तास पातळ औषध घेऊ नये. पोटात त्रास होत असेल तर गोळ्या बंद न करता टीबी केंद्रावर सांगा, ते वेळ बसवून देतात.

इट्राकोनॅझोलची कॅप्सूल: ही अँटिबायोटिक नाही, नायट्यावर देतात. पण हिलाही आम्ल लागते. "तीन महिने झाले, नायटा जातच नाही" म्हणणाऱ्यांनी आपण रोज गॅसची गोळी घेतो का, हे त्वचेच्या डॉक्टरांना सांगावे.

"डी" अक्षराकडे लक्ष द्या

ॲसिडिटीच्या कित्येक कॅप्सूलच्या नावापुढे "डी" किंवा "डीएसआर" लिहिलेले असते. तो "डी" म्हणजे डोम्पेरिडोन, उलटी-मळमळीचे औषध. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिनसोबत डोम्पेरिडोन घेतले तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो, म्हणून ही जोडी टाळायची असते. अझिथ्रोमायसिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन यांच्यासोबतही जपून वागावे लागते. घरात कुणाला हृदयाचा आजार असेल किंवा वय जास्त असेल तर ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालाच. मेडिकलमध्ये जाऊन नुसते "गॅसची कॅप्सूल द्या" म्हणाल, तर हातात "डी"वालीच पडायची शक्यता असते.

दिवसाच्या वेळा कशा बसवाव्यात?

उदाहरण म्हणून अम्मीचेच वेळापत्रक देते. सिप्रो सकाळी ८ आणि रात्री ८ वाजता, साध्या पाण्याबरोबर. पातळ औषध लागलेच तर सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यान. म्हणजे मागच्या गोळीपासून २ तास झालेले असतात आणि पुढच्या गोळीला ६ तास उरलेले असतात. रात्री लागले तर १० नंतर. हे वेळापत्रक कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवले, तेव्हाच ते पाळले गेले.

दुधाबद्दलही सांगायला हवे. सिप्रो आणि डॉक्सीसायक्लिन दूध, दही, लस्सी यांच्यासोबत घेऊ नका. दुधातले कॅल्शियम तेच काम करते. जेवणातल्या थोड्याशा दुधा-दह्याने फारसे बिघडत नाही, पण गोळी दुधाच्या ग्लासाबरोबर किंवा चहाच्या घोटाबरोबर नको. "गोळी गरम पडते, दुधासोबत घे" हा आपल्या घरांतला जुना सल्ला या दोन औषधांच्या बाबतीत चुकीचा आहे.

रमजानमध्ये काय?

बीमार माणसाला रोजा सोडून नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. ताप अंगात असताना, तीन-चार वेळा घ्यायचे औषध दोन वेळांत कोंबून रोजा धरण्याआधी डॉक्टरांशी बोला. दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायचे औषध असेल तर इफ्तार आणि सेहरी अशा वेळा डॉक्टर कधी कधी बसवून देतात.

तेव्हा तीन गोष्टी सांभाळा. एक, इफ्तारला सिप्रो किंवा डॉक्सी पाण्याबरोबर घ्या आणि दूध घातलेले सरबत, फालुदा, दहीवडे दोन तास मागे ठेवा. दोन, तळलेले खाऊन छातीत जळजळले म्हणून पातळ औषध घ्यायचे असेल तर ते तरावीहनंतर, पण सेहरीच्या सिप्रोला ६ तास उरतील अशा बेताने. सेहरी पावणेपाचला असेल तर रात्री साडेदहाच्या आत. तीन, सेहरीला डॉक्सी घेऊन लगेच झोपू नका, फज्र होईपर्यंत बसून राहा.

दोन्ही औषधे मुद्दाम सोबत देतात तेव्हा

हे सगळे वाचून कुणी डॉक्टरांनी दिलेली "प्राझोल" गोळी परस्पर बंद करू नये. एका आजारात ही जोडीच उपचार असते. पोटाच्या अल्सरचे मोठे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ साली या जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन पोटाला सूज येते हे दाखवले. त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूवर "प्राझोल" आणि दोन अँटिबायोटिक्स, बहुधा अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन, अशी औषधे साधारण १४ दिवस एकत्र देतात. आम्ल कमी झाले की ही अँटिबायोटिक्स पोटात जास्त चांगली चालतात. इथे गॅसची गोळी काढून टाकली तर उपचारच फसतो.

मात्र या जंतूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची असेल तर "प्राझोल" २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद असावे लागते, नाहीतर रिपोर्ट खोटा "निगेटिव्ह" येऊ शकतो. तपासणीआधी हे विचारून घ्या.

संधिवाताच्या दुखण्यावर रोज गोळ्या घेणारे, ॲस्पिरिन चालू असलेले किंवा आधी अल्सर झालेले लोक यांनाही "प्राझोल" पोटातल्या रक्तस्रावापासून वाचवण्यासाठी दिलेली असते. तीसुद्धा आपल्या मनाने सोडू नये.

प्रत्येक अँटिबायोटिकसोबत गॅसची गोळी लागते का?

लागत नाही. अँटिबायोटिकने होणारी मळमळ आणि जुलाब बहुतेक वेळा आम्लामुळे नसतात, त्यामुळे ते "प्राझोल"ने थांबतही नाहीत. ज्या गोळ्या जेवणासोबत चालतात, त्या जेवणासोबत घेतल्या तरी पुष्कळ फरक पडतो.

शिवाय पोटातले आम्ल हा आपला पहारेकरी आहे, खाण्यातून आलेले कितीतरी जंतू तो मारतो. अँटिबायोटिकमुळे आतड्यातले चांगले जंतू मेलेले, आणि त्यात आम्लही कमी, अशा वेळी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूचे तीव्र जुलाब होण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली "प्राझोल" गोळ्यांबाबत तसा इशारा दिला होता. कोर्स चालू असताना किंवा संपल्यावर काही आठवड्यांत दिवसाला तीन किंवा जास्त पातळ जुलाब होऊ लागले तर जुलाब थांबवायची गोळी न घेता डॉक्टरांकडे जा.

चुकून सोबत घेतले तर?

घाबरू नका. बहुतेक जोड्यांत विषबाधा होत नाही, औषधाचा असर कमी होतो इतकेच. म्हणून दुप्पट गोळी घेऊ नका, कोर्स सोडू नका. पुढच्या डोसपासून अंतर पाळा आणि डॉक्टरांना खरे ते सांगा. "डी"वाली जोडी घेतली गेली असेल आणि चक्कर येत असेल, छाती धडधडत असेल, तर मात्र लगेच दवाखाना गाठा.

दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही, काळे शौच किंवा रक्ताची उलटी झाली, अंगावर पुरळ येऊन ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, तर वाट पाहू नका. छातीत दाब येऊन घाम फुटला, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे गेले, तर ते "गॅस" समजून पातळ औषध पीत बसू नका. तो हृदयाचा झटका असू शकतो.

दवाखान्यात विचारायचे पाच प्रश्न

१. ही गोळी जेवणाआधी घ्यायची की जेवणासोबत?
२. मी घरी ॲसिडिटीसाठी अमुक औषध घेते, ते चालेल का? किती तासांचे अंतर ठेवू?
३. लोह, कॅल्शियम, झिंकच्या गोळ्या चालू आहेत. त्या कधी घेऊ?
४. सोबतची गॅसची गोळी किती दिवस? कोर्स संपला की तीही बंद करायची का?
५. रोजा धरायचा असेल तर काय करू?

दवाखान्यात जाताना चालू असलेली सगळी औषधे एका पिशवीत घालून न्या. फ्रिजवरची बाटली, चघळायच्या गोळ्या, हकीमसाहेबांचे चूर्ण, सगळे. आपण ज्याला औषध समजत नाही, तेही डॉक्टरांना दिसू द्या. आणि ज्या पट्टीवर लाल उभी रेघ आहे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, शेजारच्या खालांना बरे वाटले म्हणून तर नाहीच.

अम्मीच्या बाटलीवर मी आता एक चिठ्ठी चिकटवली आहे, उर्दूत, मोठ्या अक्षरात: दुसरी गोळी चालू असेल तर आधी विचारा. आपल्या घरातल्या बाटलीवरही अशी चिठ्ठी आजच लावा.